एकतिसावी प्लेट

तिने जंतू वाढवून बघायच्या प्लेटचं झाकण उचललं आणि समोरच्या शिकाऊ डॉक्टरला पाचही बोटांची टोकं आतल्या थरावर टेकवायला सांगितली. दाबू नका, नुसती टेकवा, हे ती सकाळपासून प्रत्येकाला सांगत आली होती. डॉक्टरने बोटं टेकवली. गोठलेल्या थरावर पाच पुसट ठसे उमटले. झाकण लावून तिने त्यावर मार्करने सव्वीस हा आकडा लिहिला.

“आता हात धुवा.”

“मघाशी म्हणालात, धुऊ नका.”

“मघाशी धुतले असते तर सापडलं काय असतं?”

तो न हसताच बेसिनकडे गेला.

वॉर्डाच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये, एक टेबल मांडून ती बसली होती. कामावर येणाऱ्या प्रत्येकाने आत शिरण्यापूर्वी आधी तिच्यासमोर हात करायचा, असा विभागप्रमुखांचा हुकूम होता. लहान मुलांच्या त्या रुग्णालयात संसर्ग पसरू न देणं हेच तिचं काम होतं. दिवसभर ती कोणी हात किती वेळ धुतले, नळ कोपराने बंद केला की बोटांनी, हे बघत हिंडायची. त्यामुळे तिचं नाव साबणताई पडलं होतं. हिच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी साबण देतात, असं तिच्या पाठीमागे म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. एरवी तीही त्यावर हसायची. गेले बारा दिवस मात्र तिच्याशी कोणी थट्टा करत नव्हतं.

आतल्या खोलीत काचेच्या आठ पेट्या होत्या आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं त्यांत वाढत होती. बारा दिवसांपूर्वी पेटी दोनमधल्या बाळाला ताप आला. चौथ्या दिवशी ते गेलं. मग पेटी सहाला ताप आला. मग पेटी चारला. तिन्ही बाळांच्या रक्तात एकच जंतू निघाला. ज्या औषधांना तो दाद देत नव्हता त्यांची यादी तिन्ही अहवालांत तंतोतंत सारखी होती. म्हणजे तो बाळांनी आपापल्या घरून आणलेला नव्हता, एकाच ठिकाणाहून तिघांपर्यंत पोचला होता.

साबणताईने नळ तपासले, बेसिनची तोंडं तपासली, दुधाची खोली, वजनाचा काटा, डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळ्या, पेट्यांच्या खिडक्यांच्या कडा, सगळं तपासलं. सगळं निर्मळ निघालं. राहता राहिले ते हात.

वॉर्डातल्या लोकांच्या मनात मात्र निकाल कधीच लागला होता. पेटी चारच्या बाळाची आई शिवणकाम करणारी होती. तिच्या अंगठ्याला मशीनची सुई लागून फोड आला होता. तो दिसताच तिला बाहेर काढलं गेलं. फोडातला पू तपासला, त्यात वेगळाच जंतू निघाला, तरी विभागप्रमुख म्हणाले, सध्या बाहेरच राहू द्या. तेव्हापासून आठ दिवस ती काचेबाहेरच्या बाकावर बसून होती. अंगठ्याचा फोड बरा होऊन गेला तरी ती तो हात पदराखाली ठेवून बसायची. इतर बाळांच्या आया तिच्या बाकावर बसत नसत.

तिचं बाळ, अकराशे ग्रॅमची मुलगी, वॉर्डात ‘पैलवान’ नावाने ओळखली जायची. पैलवानाची खबर बाहेर आणून देणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मोठ्या सिस्टर. पाळी संपली की त्या बाकापाशी थांबायच्या आणि आज चार मिलिलिटर दूध पचलं, आज तिने माझं बोट धरून ठेवलं, सोडेचना, असं काहीबाही सांगून जायच्या. आई तेवढ्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तगायची.

मोठ्या सिस्टरना त्या वॉर्डात सव्वीस वर्षं झाली होती. साबणताई नवखी नर्स म्हणून आली तेव्हा मोठ्या सिस्टरनीच तिची मनगटं धरून तिला हात धुवायला शिकवलं होतं. अंगठ्याचं बूड विसरतात सगळ्या, असं म्हणत त्यांनी तिचा अंगठा स्वतःच्या मुठीत फिरवला होता. ती पुढे संसर्गाच्या कामाकडे वळली तेव्हा, माझी पोरगी आहे ती, असं मोठ्या सिस्टर सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

त्या दिवशी त्या सर्वांत शेवटी आल्या, आणि बाहेरून नव्हे, आतून आल्या. पेटी सहाची सलाईनची सुई निघाली होती म्हणून पहाटेच यावं लागलं, म्हणाल्या. हातमोजे टेबलाशी येऊन काढले आणि उजवा हात पुढे केला तो उपडा, बोटं एकमेकांना जुळवून.

स्पिरिटचा वास आला. ताजा होता. बोटांच्या टोकांवरचा ओलावा अजून उडायचा होता.

नियम साधा होता. अर्ध्या तासात हाताला काही लावलं असेल तर प्लेट घ्यायची नाही. सकाळी दोन जणींना तिने त्यावरून परत पाठवलं होतं. साबणताईने झाकण हातात धरून ठेवलं. तिने वर पाहिलं. मोठ्या सिस्टर तिच्याकडेच बघत होत्या.

“घे ना,” त्या म्हणाल्या. “आत कोणी नाही.”

तिने प्लेट पुढे केली. बोटं टेकली, उचलली. तिने एकतीस हा आकडा लिहिला आणि खोका बंद केला.

प्लेटवर काही उगवायला दोन दिवस लागतात.  तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतल्या माणसाने एकतीसही प्लेटा टेबलावर ओळीने मांडल्या. हातांवर एरवी जे असतं ते बहुतेकींवर होतं. दोन प्लेटांवर जरा वेगळं काही होतं, पण बाळांच्या रक्तातलं नव्हतं. शेवटची प्लेट अगदी कोरी होती.

“ही बघा,” तो कौतुकाचा आव आणत म्हणाला. “एक ठिपका नाही. हात असावेत तर असे.”

साबणताईने प्लेट उजेडात धरली. माणसाचा हात इतका कोरा नसतो, हे त्यालाही माहीत होतं. फक्त ती कोणाची आहे हे त्याला माहीत नव्हतं. आकड्यांपुढची नावं तिच्या टेबलाच्या खणात होती. ही धरायची नाही, पुन्हा घ्यावी लागेल, एवढं ती बोलली आणि खाली आली.

जिन्यातच तिला शिकाऊ डॉक्टर भेटला. पेटी सातला ताप होता. सकाळपासून बाळ दूध घेत नव्हतं, रंग उतरला होता. रक्त पाठवलंय, तो म्हणाला, पण तोच असणार. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. ती म्हणाली, बरी आहे. पेटी सात परवापर्यंत ठणठणीत होती, हे तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मोठ्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत होत्या. दुपारची पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं होती. साबणताईने आत जाऊन दार लोटलं, प्लेट आणि कापसाची काडी बाकावर ठेवली.

“मोठ्या सिस्टर, प्लेट पुन्हा घ्यायची आहे.”

“कोणाची?”

“तुमची. आणि हात दोन्ही बाजूंनी बघायचे आहेत.”

मोठ्या सिस्टरनी कपाटाचं दार बंद केलं. हातात मोजे होते, वॉर्डाबाहेरही. त्यांनी आधी डावा काढला, मग उजवा काढायला लागल्या, तो बोटांना चिकटला होता. जरा थांबून, दात आवळून त्यांनी तो सोडवला. मग बाकावर बसून दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

बोटांच्या बेचक्यांतली कातडी फाटली होती. तळव्यांवर चिरा होत्या, काही सुकलेल्या, काही ओल्या. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा लालभडक चट्टा होता आणि त्याच्या कडेने पिवळट पाणी सुटलं होतं. साबणताईने रुग्णांच्या अंगावर याहून वाईट पाहिलं होतं. तरी ती नीट बघायला खाली वाकली.

“कधीपासून?”

“तीन महिने झाले असतील. आधी नुसती खाज होती. धुऊन धुऊन होतं ते, सगळ्यांनाच होतं. मग भेगा पडल्या. मी दुहेरी मोजे घालायला लागले.”

“कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं नाही?”

“त्यांनी लिहून दिलं असतं, कामावर नको. सहा जणींच्या जागी तिघी आहोत आपण. पेट्या कोणी बघायच्या?”

हे खरं होतं. साबणताईनेच मागच्या दोन अहवालांत ते लिहिलं होतं. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, काडी ओली केली आणि एकेका भेगेतून हलकेच फिरवली. मोठ्या सिस्टरनी हात मागे घेतला नाही. फक्त पायाची बोटं चपलेत आखडली.

“मी सगळ्यांपेक्षा जास्त धुते,” त्या जरा वेळाने म्हणाल्या. “प्रत्येक पेटीआधी आणि नंतर. मोजे घालायच्या आधी, काढल्यावर. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग माझ्या हातावर कसा राहील, असं वाटायचं.”

साबणताईने काडी अंगठ्याच्या बुडाशी नेली. धुतल्यामुळेच कातडी फाटली होती, आणि फाटल्या कातडीत जंतूला जी जागा मिळते तिथपर्यंत साबण पोचत नाही. मोजे कितीही घाला, ते घालताना आणि काढताना बोटं लागतातच. हे तिने मोठ्या सिस्टरना समजावून सांगावं, असं दोघींपैकी कोणालाच वाटत नव्हतं.

“दोन नंबरचं बाळ गेलं ना, त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मग मी ते मनातून काढून टाकलं. काढता येतं गं. कामाला लागलं की काढता येतं.”

काडी नळीत घालून साबणताईने बूच लावलं. मग ती बूच उगाच पुन्हा घट्ट करत राहिली.

“परवा मला वास आला होता,” ती म्हणाली. “स्पिरिटचा.”

“ठाऊक आहे. तू झाकण धरून थांबलीस.” मोठ्या सिस्टर स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. “मला वाटलं, आता ही म्हणेल, अर्ध्या तासाने या. मी आले असते. तू म्हणाली असतीस तर खरंच आले असते.”

बाहेर कोणीतरी दारावर टकटक केली आणि कपडे बदलायचेत म्हणाली. दोन मिनिटं थांब, असं साबणताई ओरडली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तिने प्लेट पुढे धरली. मोठ्या सिस्टरनी पाचही बोटं टेकवली आणि दाबून धरली, दाबायची नसतात हे माहीत असूनही. तिने त्यांना थांबवलं नाही.

त्या दुपारपासून मोठ्या सिस्टर रजेवर गेल्या. वॉर्डात सांगितलं गेलं की त्यांना बरं नाही. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, हात गुंडाळले आणि पाण्यात घालायचे नाहीत म्हणून बजावलं. पेटी सातला नवं औषध सुरू झालं. साबणताई दोन दिवस घरी गेली ती फक्त अंघोळीपुरती. तिची सासू म्हणाली, जेवून तरी जा, पण ती ताटावर बसून उठली.

तीन दिवसांनी प्रयोगशाळेतून निरोप आला. काडीवर आणि प्लेटवर तोच जंतू होता. दाद न देणाऱ्या औषधांची यादीही तीच होती.

विभागप्रमुखांनी साबणताईचा अहवाल वाचून बराच वेळ चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीही मोठ्या सिस्टरच्या हाताखाली पहिली सहा महिन्यांची नोकरी केली होती. ते म्हणाले की एका कर्मचाऱ्याच्या हातांवर जंतू सापडला, उपचार सुरू आहेत, एवढं पुरे, नाव लागत नाही. साबणताईला ते पटलं. कामावरच्या प्रत्येकाचे हात दर महिन्याला तपासायचे, भेगा पडल्या तर पगारी सुट्टी द्यायची आणि तिघींच्या जागी सहा जणी नेमायच्या, असं तिने शेवटी लिहिलं होतं. त्यावर त्यांनी खूण केली. पेटी चारच्या आईला आजच आत घ्या, असंही ते आपणहून म्हणाले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“पहिली प्लेट नियमाप्रमाणे घेतली नव्हती, आणि घेणाऱ्याला ते माहीत होतं. हे कशाला?”

“तसं झालं म्हणून.”

“याने काय बदलणार आहे?”

“पेटी सातचा ताप त्या दोन दिवसांत आला, सर.”

त्याच दोन दिवसांमुळे आला हे कोण सांगू शकेल, असं ते म्हणाले. कोणीच नाही, हे तिने मान्य केलं. पण ओळ काढायची तर तुम्हीच काढा, मी काढणार नाही, असं म्हणून ती उभी राहिली. त्यांनी कागद खणात ठेवला. ओळ काढली की नाही, हे तिला अजून कळायचं होतं.

त्या दुपारी पेटी चारची आई आठ नव्हे, आता तेरा दिवसांनी आत आली. साबणताईने स्वतः तिला बेसिनशी उभं केलं. ती इतका वेळ हात धूत राहिली की शेवटी नळ साबणताईलाच बंद करावा लागला. अंगावर स्वच्छ गाऊन चढवून तिला खुर्चीत बसवलं आणि शिकाऊ डॉक्टरने नळ्या सांभाळत पैलवानाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. मग सातच्या यंत्राची घंटा वाजली आणि तो तिकडे धावला. खोलीतली एकुलती एक नर्सही तिकडेच गेली.

आईने श्वास रोखून धरला होता. बाळ तिच्या तळव्याहून थोडंच मोठं होतं. ते हललं आणि त्याचं डोकं एका बाजूला कललं, तेव्हा तिने घाबरून साबणताईकडे पाहिलं. साबणताईचा एक हात बाळाच्या नळीवर होता, दुसऱ्याने ती पडदा ओढत होती. आणि पडदा अर्धवट असतानाच आईची नजर दारावर गेली.

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या, साध्या साडीत. कपाटाची किल्ली द्यायला आल्या असाव्यात. ती त्यांनी गुंडाळलेल्या दोन हातांत कशीबशी धरली होती.

आईच्या चेहऱ्यावर तेरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

“सिस्टर, या ना. मला जमत नाहीये. तुम्हीच धरायला शिकवा.”

“मला आत नाही येता येत.”

“का? बरं नाही म्हणाले होते, तेच का? हाताला काय झालं?”

सिस्टर रजेवर आहेत, बऱ्या झाल्या की येतील, हे वाक्य साबणताईच्या तोंडात तयार होतं. तिने ओठ उघडले.

“तो जंतू माझ्या हातांवर होता,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या नाही. तुझ्या अंगठ्याचा काही संबंध नव्हता. माझ्या हातांवरून आला तो हिला.”

त्यांनी आवाज उंचावला नाही, पण खोलीच्या त्या टोकाला नर्सने मान वळवली. सातची घंटा आता थांबली होती. आई मोठ्या सिस्टरकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं नव्हतं, ते तिथेच विसरून राहिल्यासारखं होतं. मग तेही गेलं. तिने मान खाली घातली आणि खुर्चीतच थोडी वळली, दाराकडे पाठ येईल अशी.

साबणताईने नळी सारखी केली. आता मोठ्या सिस्टर जातील, असं तिला वाटलं. त्या गेल्या नाहीत. आत एक पाऊलही टाकलं नाही आणि मागेही सरल्या नाहीत.

बाळाने पुन्हा डोकं हलवलं. ते घसरून आईच्या कुशीकडे गेलं आणि नळीला ताण बसला. साबणताई हात पुढे करणार, तोच आई बोलली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती कोणाशी बोलतेय हे कळायला साबणताईला एक क्षण लागला.

“मान कुठे धरायची?”

“कानाच्या खाली,” दारातून आवाज आला. “अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे. दाबायचं नाही.”

आईने अंगठा सरकवला.

“हनुवटी छातीला टेकू देऊ नको. जरा वर. अजून.”

आईचा हात किंचित वर गेला आणि तिथे थांबला.